चाळीसवरचा काटा

गाडी चालवायला मी शिकले ती नाइलाजानं. बी.एड. झाल्या झाल्या सिल्लोडच्या एका शाळेत मला नोकरी लागली. सकाळची शाळा, साडेसातला प्रार्थना. औरंगाबादहून निघणारी एसटी कधी वेळेवर सुटायची, कधी सुटायचीच नाही, आणि पहिल्याच आठवड्यात मी तीनदा उशिरा पोचले. घरी गाडी होती. पण ती दोन वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी होती, कारण माझ्या वडिलांनी तिच्या स्टिअरिंगला हात लावणं सोडलं होतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. बांधकाम खात्यात ते ओव्हरसियर होते आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांची रस्त्यांवर गेली. जळगाव रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून, साखळीनं अंतर मोजून बसवून घेतले होते. त्या रस्त्यानं जाताना आम्ही शेतं बघायचो, ते दगड बघायचे. एखादा कललेला दिसला की जेवणापर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांच्या हातून अपघात झाला. रविवार होता. फुलंब्रीच्या एका नातेवाइकाकडून ते एकटेच परत येत होते. चौक्याच्या घाटाच्या पलीकडं एक गाडीवाट डांबरी रस्त्याला मिळते. त्या वाटेनं सायकलवर दुधाच्या कॅन लावलेला एक शेतकरी रस्त्यावर आला आणि गाडीखाली सापडला. मांडीचं हाड मोडलं. अण्णांनीच त्याला गाडीत घालून दवाखान्यात आणलं, तिथला सगळा भार उचलला, चार महिने एकाआड एक दिवस त्याला बघायला गेले. पण पोलिसांत, पंचनाम्यात आणि नंतर कोर्टात त्यांचं एकच वाक्य होतं. “मी चाळीसवर होतो. काटा बघितला होता मी.”

कोर्टात आई आणि मी मागच्या बाकावर बसलो होतो. तो शेतकरी काठी टेकत पिंजऱ्यात उभा राहिला. म्हणाला, “गाडी लई लांब होती साहेब. म्या बघूनच सायकल घातली.” वकिलानं विचारलं, किती लांब? त्याला फूट सांगता येईनात. “त्या झाडाएवढं लांब,” असं म्हणून त्यानं खिडकीकडं हात केला. खिडकीत झाड नव्हतंच, समोरच्या इमारतीची भिंत होती. लोक हसले. मीही हसले, हे मला अजून आठवतं. इतकी लांब असलेली गाडी, आणि तीही चाळीसनं येणारी, अंगावर येईलच कशी, असं वकिलानं विचारलं. चूक त्याचीच ठरली. अण्णा सुटले. घरी आल्यावर त्यांनी किल्ल्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवल्या आणि पुन्हा उचलल्या नाहीत.

त्या किल्ल्या मी मागितल्या तेव्हा अण्णांनी आधी त्या फळीकडं बघितलं. मग म्हणाले, “शिकवतो. पण महिनाभर मी शेजारी बसणार.”

ते खरंच बसले. पहाटे निघायचो, मी शाळेत गेले की ते सिल्लोडच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची आवक बघत फिरायचे आणि शाळा सुटली की गाडीशी येऊन उभे राहायचे. वाटेत मात्र त्यांना चैन नसायची. उजवा पाय आपला आपण पुढं रेटायचे, जणू त्यांच्यासमोरही ब्रेक होता. दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न, “किती?”

“चाळीस.”

“पळवू नको.”

“अण्णा, चाळीस आहे. बघा की स्वतः.”

ते वाकून बघायचे. काटा चाळीसवर. मागं टेकायचे, पण दाराची मूठ सोडायचे नाहीत. “मग मला असं का वाटतंय,” एवढं पुटपुटायचे. आपण म्हातारे झालो, भित्रे झालो, असं त्यांना वाटत असावं. आणि मला राग यायचा, कारण खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. झाडं फार लवकर मागं पडायची. वळणावर गाडी बाहेर ओढली जायची. नव्यानं शिकणाऱ्याला असं होत असेल, म्हणून मी गप्प बसायचे. आज वाटतं, नुसत्या वेळेवरून आम्हाला समजायला हवं होतं. सिल्लोड साठाच्या वर किलोमीटर. घाट, गावं, म्हशींचे कळप धरून आम्ही सव्वा तासात पोचायचो. अण्णांसारख्या माणसाला हे गणित तोंडपाठ हवं होतं. पण समोर काटा असताना गणित कोण करतं?

दिवाळीची सुट्टी संपल्यावर काटा थरथरू लागला. आधी नुसता कापायचा, मग तीसवरून साठवर उडी मारून परत यायचा. डॅशबोर्डच्या मागून टिकटिक ऐकू यायची. एका सकाळी हर्सूल ओलांडलं आणि तो शून्यावर जाऊन पडला.

“किती?” अण्णांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे?”

“काटा मेला, अण्णा.”

त्यांनी काचेवर टिचक्या मारल्या. मग जवळजवळ ओरडलेच, “थांबव. थांबव गाडी.” मी कडेला घेतली. शाळेला उशीर होत होता. त्यांचं कपाळ घामानं भिजलं होतं. पाच मिनिटं ते तसेच बसून राहिले आणि मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिले. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. “दगड आहेत ना,” म्हणाले. “एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत नव्वद सेकंद लागले तर चाळीस. चल. मी सांगतो तसं चालव.”

तसं आम्ही चार दिवस गेलो. ते घड्याळ बघत, मी त्यांचं ऐकत. “पंच्याऐंशी. कमी कर. ब्याण्णव. ठीक.” नव्वद सेकंदांचं चाळीस मला बैलगाडीसारखं वाटायचं. ट्रक मागून हॉर्न देत देत निघून जायचे. शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी दोनदा घड्याळाकडं बोट दाखवलं. मी अण्णांना म्हटलं, “काटा चालत होता तेव्हा चाळीस एवढं हळू नव्हतं हो.” त्या दिवशी परतीच्या वाटेवर त्यांनी घड्याळ दोनदा कानाला लावून बघितलं. ते नीट चालत होतं.

रविवारी आम्ही छावणीत गेलो. तिथं एक वयस्क मिस्त्री होते, लष्करातून लिलावात निघालेल्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली होती. मी त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि आधी एकच गोष्ट विचारली, “बेटी, काटा बंद है, ठीक. नीचे के आकडे फिरते क्या?”

काट्याच्या खाली गाडी किती किलोमीटर चालली ते दाखवणारे आकडे असतात. त्यांच्याकडं आम्ही बघितलंच नव्हतं. अण्णांनी वाकून बघितलं. पेट्रोल भरताना ते वहीत आकडा लिहून ठेवायचे. वही काढली, ताडून बघितला. “हेही थांबलेत.”

“दोनों बंद, तो मीटर कू नक्को छेडो. वायर का काम है.”

चाकांच्या फिरण्याचा हिशोब गिअरबॉक्समधून मीटरपर्यंत नेणारी एक लांब तार असते, बाहेरून नळी, आत पीळदार पोलादी वायर. चाचांनी डॅशबोर्डखाली डोकं घातलं, बोटांनी चक्री सैल केली आणि वायरीचं टोक मीटरच्या मागून बाहेर ओढलं. मग आम्हाला गाडी ढकलायला सांगितली. वायर धड असती तर गाडी सरकताना ते टोक फिरलं असतं. मी आणि अण्णांनी गाडी दहा पावलं ढकलली. आतून आवाज आला, “नहीं फिर रही.” त्यांनी वायर ओढली तर अर्धीच हातात आली. तुटलेली, गंजानं लाल झालेली. दोन वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ती कोरडी पडली होती. उरलेला तुकडा त्यांनी खालून, गिअरबॉक्सच्या बाजूनं काढला, नवी वायर ग्रीस लावून घातली. वळणाशी तिला जागा ठेवली. “तंग बैठी तो फिर टूटेगी.” गाडी पुढं नेली तर काटा कसा शांत, लोण्यासारखा वर चढला. अण्णांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू दिसलं.

सोमवारी निघालो. काटा चाळीसवर. अण्णा आज काही विचारणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण चार दिवसांची सवय, घड्याळ त्यांच्या हातातच होतं. एक दगड गेला, दुसरा आला.

“एकसष्ट,” अण्णा म्हणाले.

“काय एकसष्ट?”

“सेकंद. किती आहे काटा?”

“चाळीस.”

“चाळीसच ठेव. हलू देऊ नको.”

पुढचा दगड साठाला आला. त्याच्या पुढचा बासष्टला. मला वाटलं दगड कुठंतरी हलले असतील, रस्त्याचं काम झालं असेल. मी तसं म्हणाले. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. “हे दगड मी बसवलेत,” ते म्हणाले. पुढं घाटाच्या पलीकडची ती गाडीवाट आली. तिथून जाताना ते नेहमी खिडकीतून दुसरीकडं बघायचे. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मान वळवून, दिसेनाशी होईपर्यंत ती वाट बघितली.

शाळेत माझं लक्ष लागलं नाही. फळ्यावर मी एकच वाक्य दोनदा लिहिलं. काय चाललंय ते मला अर्धवट कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. नव्या वायरीत काही गोम असेल, असं मी स्वतःला सांगत होते. परत येताना गाडी घरी न नेता सरळ छावणीत नेली.

“नई वायर खराब आली काय?” मी उतरता उतरताच विचारलं.

चाचा हसले. “वायर झूठ नहीं बोलती बेटी. या तो फिरती, या टूटती.” पण अण्णांचा चेहरा बघून त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि हात पुसत मागच्या सीटवर येऊन बसले. आम्ही परत हर्सूलच्या पुढं गेलो. या वेळी चाचांनी काट्याकडं बघू दिलं नाही. आकड्यांकडं बघायला लावलं. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत आकडा बरोबर एकानं पुढं सरकत होता. पाच दगड, पाच किलोमीटर, बिनचूक.

चाचांनी गाडी थांबवायला सांगितली. “आकडे सही. मतलब वायर सही, गिअर सही. चाक जितना फिरता, उतना मीटर तक पहुँच रहा. गडबड उसके बाद है. काटे की.”

दुकानात परतल्यावर त्यांनी मीटर काढून उघडला. कडेची जुनी पट्टी शाबूत होती, म्हणजे आधी कोणी तो उघडलेला नव्हता. आत एक छोटं चुंबक होतं. वायर त्याला फिरवते, ते फिरलं की वरची पत्र्याची वाटी ओढली जाते आणि वाटीला काटा जोडलेला असतो. आकड्यांना चुंबक लागत नाही, ते दात्यांवर चालतात. म्हणून ते खरं बोलत होते. चुंबकाचा जोर उतरला होता. काट्याला ते पुरेसं ओढतच नव्हतं. गाडी साठनं पळत असताना काटा चाळीसवर थांबत होता.

अण्णांनी विचारलं, “हे कधीपासून असेल?”

“साब, ये एक दिन की बात नहीं. बरसों में उतरता है.”

“दोन वर्षांपूर्वी?”

चाचांनी मान वर केली. त्यांना अपघाताचं ठाऊक नव्हतं. “दो साल तो गाडी खडी थी ना? खडी गाडी में नया क्या बिगडेगा? जो बिगडा, उसके पहले बिगडा.”

अण्णा तिथल्या लोखंडी स्टुलावर बसले. चाचांनी चहा मागवला. चहा आला, गार झाला. मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले, परत आत आले, परत बाहेर गेले. चाचांनी दुसऱ्या एका गाडीचा मीटर शोधून काढला, बसवला, तो दगडांशी आणि घड्याळाशी जुळतो की नाही ते दुसऱ्या दिवशी येऊन बघून दिलं. जुळला. गाडीचं काम संपलं.

घरातलं सुरू झालं. अण्णा जेवताना उठायचे, ओसरीवर जायचे, परत येऊन बसायचे. वर्तमानपत्र उघडायचे आणि तेच पान तासभर धरायचे. दुपारी अंगणात फेऱ्या. आईनं दोन दिवस बघितलं आणि मग मला खोदून विचारलं. मी सांगितलं.

“अहो,” ती अण्णांना म्हणाली, “तुम्ही काही खोटं बोलला नव्हता. काट्यानं दाखवलं ते तुम्ही सांगितलं.”

“नाही बोललो खोटं,” अण्णा म्हणाले. “पण तोही बोलला नव्हता.”

“मग आता काय करणार? केस परत उकरून काढणार? पोरीची नवी नोकरी आहे, तिचं लग्न व्हायचंय.”

अण्णा उठून बाहेर गेले.

त्या आठवड्यात दोनदा त्यांनी मला त्या गाडीवाटेशी थांबायला सांगितलं. पहिल्या वेळी दाराची मूठ धरून बसले आणि म्हणाले, “चल, उशीर होतोय.” दुसऱ्या वेळी उतरले, पन्नासेक पावलं चालले, बाभळीपाशी उभे राहिले आणि परत आले. मी चिडले. “जायचं तर जा, नाहीतर नका जाऊ. रोज रोज हे काय?” मी वडिलांशी कधी असं बोलले नव्हते. त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, “तू येतीस का सोबत?”

शनिवारी शाळा लवकर सुटायची. आम्ही त्या वाटेनं गाडी आत घातली. गाव लहान होतं. विचारत विचारत गेलो तर तो शेतकरी पिठाच्या गिरणीत सापडला. शेतात राबणं होत नाही म्हणून भावाच्या गिरणीत दळण घालायला बसायचा. अंगावर, पापण्यांवर पीठ. त्यानं आम्हाला ओळखलं, पट्टा काढून गिरणी बंद केली आणि भिंतीला धरत उठला. डावा पाय आखूड झाला होता.

“या साहेब. आज इकडं कसं?”

अण्णांनी वाटेत काय काय ठरवलं होतं कुणास ठाऊक. ते उभ्या उभ्याच म्हणाले, “मी चाळीसवर नव्हतो.”

त्याला कळलं नाही.

“त्या दिवशी. कोर्टात मी चाळीस म्हणालो. गाडीचा काटा बिघडलेला होता, मला आता कळलं. मी साठच्या आसपास होतो. तुम्ही लांब म्हणालात ते खरं होतं. गाडी लांबच होती. मी लवकर आलो.”

तो गिरणीच्या ओट्यावर हळूच बसला. मला वाटलं आता शिव्या देईल, किंवा मोठ्या मनानं जाऊ द्या म्हणेल. त्यानं दोन्ही केलं नाही. वळून घराकडं हाक मारली, “आगं, भाईर ये. ये लवकर.” त्याची बायको हात पुसत दारात आली.

“साहेब, आता हिच्या म्होरं बोला. काय म्हणला ते पुन्हा म्हणा.”

अण्णांनी पुन्हा सांगितलं.

तो बायकोला म्हणाला, “ऐकलंस? म्या आंधळा नव्हतो.”

मग हळूहळू कळलं. कोर्टाचा निकाल गावात आला तेव्हापासून ह्याला दिसत नाही, असंच सगळे धरून चालले होते. समोरून येणारी गाडी ज्याला दिसली नाही, त्याच्या हाती बैल कसे द्यायचे, असं भाऊ म्हणाला. बायकोनं शहरात नेऊन डोळे तपासले. डोळे चांगले निघाले, तर डोक्याला मार लागला असेल, असं ठरलं. आणि तो स्वतः? “पह्यल्यांदा म्या भांडायचो,” तो म्हणाला. “मंग मलाबी वाटाया लागलं. आसंल बाबा. आपल्यालाच दिसलं नसंल. आता रस्ता वलांडायचा झाला तर म्या कुणाचा तरी हात धरतो, साहेब. दोन वर्सं झाली.”

अण्णा त्याच्यासमोर खाली, पिठातच बसले. पांढरं धोतर, त्यावर पीठ. तो मात्र आता उठून येरझारा घालू लागला, आखूड पायानं, जोरजोरात.

“तव्हाच का नाय तपासला काटा?”

“सुचलं नाही.”

“मला तर समद्यांनी तपासलं,” तो म्हणाला. “माझे डोळे, माझं डोकं. तुमचा काटा कुणीच नाय तपासला.”

त्याची बायको आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली, पण कोणी पाणी प्यायलं नाही. थोड्या वेळानं तो थांबला आणि म्हणाला, “लिहून द्या.”

“काय?”

“हेच. तुम्ही बोलला ते. कागदावर, सही करून. भावाला दाखवायचंय.”

मला आईचं बोलणं आठवलं. मी म्हणाले, “अण्णा, आधी वकिलाला...” त्यांनी हात वर करून मला थांबवलं. माझ्या पर्समधल्या वहीचं पान मागून घेतलं, ओट्यावर ठेवलं आणि ओव्हरसियरच्या वळणदार अक्षरात सगळं लिहिलं. मीटर, चुंबक, दगड, सेकंद, तारीख, सही. खाली पूर्ण पत्ता. कागद दिला तेव्हा त्यानं तो वाचला नाही. घडी करून बंडीच्या खिशात घातला आणि खिशावर हात ठेवून उभा राहिला. आम्हाला थांबा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. आम्ही निघालो.

त्यानंतरचे तीन आठवडे घरात कोणाला धड झोप नव्हती. फाटक वाजलं की आई दचकायची. पोस्टमन दिसला की मी आधी लखोट्यांवरचे शिक्के बघायचे. शाळेत शिपायानं वर्गाच्या दारात येऊन बोलावलं की मला वाटायचं, आलं काहीतरी. अण्णांची तगमग मात्र वेगळी झाली होती. ते आता अंगणात फिरत नव्हते. बसून असायचे, पण पाय हलत असायचा.

एका सकाळी फाटकाशी कोणी हाक मारली. रुंद बांध्याचा, फेटा बांधलेला माणूस. त्या शेतकऱ्याचा थोरला भाऊ. आईनं पदर घट्ट केला. अण्णांनी त्याला ओसरीवर बसायला सांगितलं, तो बसला नाही. खिशातून तो कागद काढला. घड्यांवर मळलेला होता, बऱ्याच हातांतून गेला असणार.

“हे आक्षर तुमचं हाय का?”

“होय. माझंच.”

“कुणी जबरदस्ती केली?”

“नाही.”

“पैशाचं काय बोलणं झालं?”

“नाही.”

त्याला वाटत होतं भावानं कुणाकडून तरी लिहून घेतलं असेल. मग त्यानं कागद परत घडी केला. “गावात धा जणांसमोर वाचून घेतला त्यानं,” तो म्हणाला. “मला लई बोलला. लई.” फेटा सारखा केला. आई चहा घेऊन आली तेव्हा तो फाटकापाशी पोचला होता. “च्या नको बाई, गाडी सुटंल,” म्हणाला आणि गेला.

कोर्टाचं काही आलं नाही. कधीच आलं नाही. आईला हायसं वाटलं. मला वाटलं आता अण्णा शांत होतील, पुन्हा गाडी चालवतील. तसं झालं नाही. माझ्या शेजारी बसणं त्यांनी सोडलं, कारण महिना केव्हाच उलटून गेला होता, आणि मी एकटी जाऊ लागले. पण काही दिवसांनी आईकडून कळलं की अण्णा मधूनमधून दुपारची एसटी धरून त्या गावाला जातात. मी म्हटलं, माझ्या वाटेवरच आहे, मी सोडत जाईन. ते नाही म्हणाले.

संध्याकाळच्या एसटीनं परत यायचे. कपड्यांना पीठ लागलेलं असायचं. त्यांची मैत्री झाली असं मला वाटत नाही. तो शेतकरी आमच्या घरी एकदाही आला नाही, माझ्या लग्नाची पत्रिका दिली तरी आला नाही. एकदा मी अण्णांना विचारलं, “तिथं जाऊन तुम्ही करता काय?”

अण्णा अंगरखा झटकत होते. “काही नाही,” म्हणाले. “त्याला बैल मिळालेत परत. आज पेरणीला तिफण धरली होती त्यानं, लंगडत. मी बांधावर बसलो होतो.”